ओढा खोल गेला, शेत सुकलं

ओढ्याचं पात्र खोल झालं की त्यात पाणी जास्त मावतं, पूर लवकर ओसरतो आणि काठचं शेत वाचतं, असा आपला साधा हिशेब असतो. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात गेल्या दोनशे वर्षांत ओढे खोल गेले आणि नेमकी त्याच काळात काठची शेतं सुकत गेली.

युरोपातून आलेले लोक तिथे वस्तीला लागले, तेव्हा कित्येक दऱ्यांमध्ये सलग वाहणारा ओढा नव्हताच. एकापाठोपाठ एक छोटे डोह होते आणि दोन डोहांच्या मधे देवनळ (बोरूसारखं उंच पाणगवत), पाणकणीस, लव्हाळ्यांनी गच्च भरलेली दलदल. पावसाचं पाणी या गवतात पसरायचं, रेंगाळायचं, आणलेला गाळ तिथेच टाकून हळूहळू पुढच्या डोहात उतरायचं. मग मेंढ्या आणि गुरं आली. खुरांनी काठ तुडवले गेले, नळ खाऊन फस्त झाले. माणसांनी उतारावरची झाडं तोडली, दलदलीतून चर काढून पाण्याला वाट करून दिली. गवताचं अस्तर एकदा फाटल्यावर उरलेलं काम पाण्यानंच केलं.

ते किती झपाट्यानं होतं, हे कळायला थोडं गणित हवं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे आधी जेवढ्या व्यासाचा दगड हलत होता, त्याच्या चौपट व्यासाचा दगड आता हलतो. व्यास चौपट म्हणजे वजन 64 पट. वेग नुसता दुप्पट, आणि ढकलता येणारं ओझं 64 पट! पुराचं पाणी मैदानावर पसरतं तेव्हा ते उथळ आणि संथ असतं. तेच पाणी चरात कोंडलं की त्याची खोली वाढते, खोलीबरोबर वेग वाढतो आणि तळ आणखी खरवडला जातो. पुढच्या पुराला तर बाहेर पसरायलाही वाव उरत नाही. घळीचं वरचं टोक दर पावसाळ्यात उगमाकडे सरकत राहतं.

खरं नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. ओढ्याकाठच्या गाळाच्या जमिनीत भूजलाची पातळी ओढ्यातल्या पाण्याशी बांधलेली असते. तळ तीन मीटर खाली गेला की दोन्ही काठांतलं पाणीही त्या पातळीकडे झिरपत जातं. पिकांची आणि गवताची मुळं तिथवर पोचत नाहीत.

सेंद्रिय खत घालून जमिनीची पाणी धरायची ताकद वाढवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, पण त्याच्या फायद्याचे आकडे फार फुगवून सांगतात. 2018 साली जगभरातल्या हजारो माती-नमुन्यांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, मातीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) एक टक्क्यानं वाढला तर 10 सेंटिमीटर जाडीच्या मातीत पिकांना मिळू शकणारं पाणी सरासरी जेमतेम 1.16 मिलिमीटरनं वाढतं. वरच्या 30 सेंटिमीटरचा हिशेब केला तर हेक्टरी साधारण 35 हजार लिटर. आता वाळूमिश्रित गाळात भूजल एक मीटरनं वर आणलं, आणि त्या गाळात सुटं पाणी राहण्याची जागा 15 टक्के धरली, तर हेक्टरी 15 लाख लिटर साठतात. कर्ब वाढवायची इतर कारणं भक्कम आहेत, पण पाणी साठवायची मोठी टाकी खालच्या गाळात आहे आणि तिची तोटी ओढ्याच्या तळाशी उघडी पडलेली आहे.

ती तोटी बंद करायचा उद्योग पीटर अँड्र्यूज या घोडेपैदास करणाऱ्या माणसानं केला. 1974 साली त्यांनी न्यू साउथ वेल्स राज्यातल्या बायलाँग खोऱ्यात टार्विन पार्क ही ओहोळांनी कापलेली, क्षारांनी ग्रासलेली जमीन घेतली. त्यांनी ओढ्यात आडवे, बुटके, मुद्दाम गळके बांध घातले. दगड, ओंडके, फांद्या, माती, जे हाताशी असेल ते. असा बांध पाणी अडवण्यासाठी नसतो, पाण्याला वर उचलून सावकाश सोडण्यासाठी असतो. त्याची दोन्ही टोकं काठात खोलवर रोवावी लागतात, नाहीतर पहिल्याच पुरात पाणी बगलेतून नवी वाट काढतं. खालच्या अंगाला दगडांचा लांब, सौम्य उतार द्यावा लागतो, नाहीतर वरून पडणारं पाणी बांधाचा पायाच उकरतं. मागच्या बाजूला गाळ बसतो आणि त्या गाळात देवनळ रुजतो. पूर आला की नळ आडवा होतो, त्याच्या पात्यांची चटई तळावर अंथरली जाते आणि पाणी तिच्यावरून घसरत जातं. पूर ओसरला की नळ पुन्हा उभा, आधीपेक्षा थोड्या जास्त गाळात. दगडांचं काम इथे संपलेलं असतं.

सुपीकतेची गोष्ट याच पाण्याशी जोडलेली आहे. स्फुरद (फॉस्फरस) मुख्यतः मातीच्या बारीक कणांना चिकटून प्रवास करतं. वेगवान पाण्यात हे कण तरंगत थेट समुद्र गाठतात, संथ पाण्यात ते मैदानावर बसतात. तरीही प्रवास उताराच्याच दिशेनं. म्हणून अँड्र्यूज खाली वाढलेलं गवत आणि तण कापून वरच्या उतारावर पसरायला सांगत. उंचावर बसणारी जनावरंही शेणातून तेच काम फुकटात करतात.

तणांवरून त्यांचं सरकारी खात्यांशी आणि पर्यावरणवाद्यांशीही वाजलं. उघडी जमीन झाकायला तण चालेल, ते बी धरण्याआधी कापलं म्हणजे झालं, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. काठावर परदेशी विलोची झाडं लावायचा आग्रह पटत नाही. बहुतेक विलोंना ऑस्ट्रेलियात उपद्रवी तण ठरवलेलं आहे आणि तेच काम स्थानिक देवनळ करतो.

क्षारांचा वाद जास्त गंभीर आहे. तिथल्या जमिनीत, समुद्रावरच्या वाऱ्यापावसानं हजारो वर्षं आणून टाकलेलं मीठ खोलवर साचलंय. पाणी शोषून घेणारी झाडं तोडल्यावर अनेक ठिकाणी भूजल वर चढलं, त्याबरोबर मीठही आलं आणि मोठे पट्टे क्षारपड झाले. भूजल वर आलं की घात, हा धडा तिथल्या जलशास्त्रज्ञांनी असा शिकलेला. अँड्र्यूज नेमकं तेच वर आणा म्हणत होते. त्यांचा युक्तिवाद असा की गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ओढ्यातून सतत मुरणारं गोडं पाणी वर थर करून राहतं आणि खाऱ्याला खाली दाबून धरतं. भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण ते सगळीकडे लागू पडेलच असं नाही. खारं भूजल जमिनीपासून दोनेक मीटरच्या आत आलं तर केशाकर्षणानं, म्हणजे वातीतून तेल चढावं तसं, मीठ पृष्ठभागावर चढतं. बांध घालण्याआधी भूजलाची क्षारता मोजलीच पाहिजे.

अशी मोजमापं आता होतात. न्यू साउथ वेल्समधल्याच मुलून क्रीक या ओढ्यावर 2006 च्या सुमारास सुरू झालेल्या कामात भूजल, प्रवाह आणि जैवविविधता यांच्या नोंदी ठेवल्या जातात. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या ब्रिज क्रीकवर बीव्हर या फांद्यांचे बांध घालणाऱ्या प्राण्याच्या कामाची नक्कल करून मेखा ठोकल्या, तेव्हा बीव्हरांनी पुढचं बांधकाम हाती घेतलं, भूजल वर आलं आणि ओढ्यात स्टीलहेड माशांची पिल्लंही वाढली.

ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारे शेतकरी मात्र हटकून एक प्रश्न विचारतात: आमचं पाणी कुठे गेलं? प्रश्न रास्त आहे. गाळ भरेपर्यंत काही पाणी वरच राहतं आणि हिरवळ वाढली की बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून उडून जाणारं पाणीही वाढतं. त्या बदल्यात पुराचा लोंढा मंदावतो आणि कोरड्या महिन्यांत झिरपा जास्त दिवस टिकतो. हा सौदा कुणाला किती परवडतो, हे खोऱ्यागणिक बदलतं, आणि म्हणून एकट्यानं आपल्या हद्दीपुरता बांध घालण्यापेक्षा अख्ख्या ओढ्याचे काठकरी आधी एकत्र बसवावे लागतात.