हात पोचत नाही तिथलं ग्रीस

सोयाबीनची सोंगणी आटोपून गंज्या लागल्या, की थ्रेशर या शेतातून त्या शेतात रात्रंदिवस पळतं. ड्रमची बेअरिंग बाहेरच असते, तिला कोणीही ग्रीस मारतो. जळते ती पंख्याच्या शाफ्टवरची पुलीमागची, नाहीतर चाळणी हलवणाऱ्या एक्सेंट्रिकची, म्हणजे मध्य सोडून बसवलेल्या चकतीची. तिथे ग्रीसगनचं तोंडच बसत नाही.

लिथियम ग्रीसमध्ये बहुतेक भाग तेलाचाच असतो. स्पंजात पाणी राहतं तसं ते ग्रीसला घट्टपणा देणाऱ्या लिथियम साबणाच्या बारीक तंतूंच्या जाळीत धरलेलं असतं. बेअरिंग फिरताना त्यातून थोडंथोडं तेल सुटतं आणि गोळ्या व कडी यांच्यामध्ये पातळ थर धरतं. बेअरिंगचं तापमान ७० अंशांच्या वर गेलं की पुढच्या दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यात कुटाराची बारीक धूळ शिरली तर ती तेल पिऊन घेते आणि उरतो तो कडक लगदा.

अशा जागी नळी टाकणं हा चांगला उपाय आहे: बेअरिंगपासून पत्र्याबाहेर नळी आणायची आणि तिच्या टोकाला निप्पल, म्हणजे गन लावायचं छोटं तोंड, बसवायचं. पण हिशेब इथेच चुकतो. पुन्हा ग्रीस भरताना लागणारे ग्रॅम म्हणजे बाहेरचा व्यास गुणिले रुंदी (दोन्ही मिलिमीटरमध्ये) गुणिले ०.००५. व्यास ८० आणि रुंदी १८ असेल तर ७.२ ग्रॅम. आता नळी बघा. आतून ४ मिमी व्यासाची एक मीटर नळी सुमारे साडेबारा घनसेंटिमीटर, म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास ग्रीस स्वतःच गिळते. नवी नळी जोडून, दाबाला एक ग्रॅम धरून गनचे सात दाब मारले आणि गडी निश्चिंत झाला, तरी बेअरिंगला कणभरही मिळालेलं नसतं. म्हणून बेअरिंगकडचं टोक सुटं ठेवून नळी आधी पूर्ण भरा. बुडबुडे थांबून सलग ग्रीस आलं की मगच टोक कसा. एका दाबात किती ग्रीस येतं तेही एकदा मोजून ठेवा. दहा दाबांचं ग्रीस कागदावर काढून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं की झालं.

दोन हंगामांच्या मधे थ्रेशर उभं राहतं. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात नळीतलं तेल सुटून निथळतं आणि मागे साबणाचा बूच राहतो. मग गनचा दांडा जड जातो, ग्रीस निप्पलच्या कडेने परत येतं. जोर लावू नका. निप्पल खोला, आतली गोळी काडीने दाबून सुटते का बघा, डिझेलने धुवा. अडकत असेल तर सरळ नवं घाला. जागा अडचणीची असेल तर ४५ किंवा ९० अंशांत वाकलेलं निप्पल मिळतं.

बुजलेल्या वाटेची किंमत विमानांनीही मोजली आहे. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळून ८८ जण गेले. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या स्क्रूच्या नटाचे आटे अपुऱ्या ग्रीसमुळे झिजून गेले होते, आणि नटातली ग्रीसची वाट वाळलेल्या गाळाने बुजलेली सापडली. हेलिकॉप्टरच्या रोटरखाली पात्यांचा कोन बदलणारी स्वॉशप्लेट नावाची चकती असते, तिच्या बेअरिंगलाही ताजं ग्रीस भरून जुनं बाहेर ढकलतात.

जास्त ग्रीसही वाईटच. हाताची गन शेकडो बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब देते. त्याने बेअरिंगच्या कडेचं धूळ अडवणारं सील निसटलं की धुळीला दार उघडंच. बेअरिंगमध्ये ठासून भरलेलं ग्रीस घुसळलं जातं आणि तापतं. म्हणून ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात ठेवा, पट्टा उतरवा आणि दोन-दोन दाबांनंतर शाफ्ट हाताने फिरवा. सीलच्या कडेने काळं ग्रीस डोकावलं की थांबा. रंग बघून ग्रीस मिसळू नका, निळा-लाल हा नुसता रंग असतो. लिथियम ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीचं ग्रीस पडलं तर मिश्रण पातळ होऊन गळू शकतं.

ग्रीस भरल्यावर बेअरिंग आधी थोडी जास्त तापते, मग निवते. काही तास चालूनही निवली नाही, तर ग्रीस जास्त झालंय. सील उचलून थोडं काढा.