‘अ‍ॅड्रिनल थकली’ हा शब्द आला कुठून?

पहाटे चारला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या लागतात, तेव्हा गावात निजलेल्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणारं ताणाचं संप्रेरक, चढायला लागलेलं असतं. जाग येण्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. रात्रभर जाळ्यावर उभ्या असलेल्या खलाशाचं हे घड्याळ मात्र विस्कटतं.

मूत्रपिंडांवरच्या या ग्रंथींच्या आजाराचं वर्णन १८५५ मध्ये लंडनमध्ये झालं. शरीर ताणाला कसं तोंड देतं, याची उंदरांवरची टिपणं १९३६ मध्ये आली. १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं गेलं आणि स्टिरॉइडचं, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं काम करणाऱ्या औषधांचं, युग सुरू झालं.

खरा घोळ पुढचा. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका निसर्गोपचारकाने ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हा शब्द रूढ केला. सततच्या ताणाने ग्रंथी दमते आणि कॉर्टिसॉल पुरेनासं होतं, असा दावा. ऐकायला पटतं, म्हणून चिकटलाही. २०१६ मध्ये ५८ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा अशा आजाराला आधार सापडला नाही. तरी मोबाइलवर ‘कॉर्टिसॉल संतुलन’ करणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती चालूच आहेत. निसर्ग वादळ, मग तौक्ते, मग २०२१ चा चिपळूणचा पूर. इतकं सोसलेल्या माणसाला ‘तुमची ग्रंथी थकली’ म्हटलं की तो लगेच मान डोलावतो. त्याचा थकवा खरा आहे, नाव खोटं आहे.

आणि या खोट्या नावाआड खरा धोका झाकला जातो. दम्यावर, सांधेदुखीवर कागदात बांधलेली, नाव नसलेली पुडी मिळते. दोन दिवसांत आराम पडतो. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. महिनोन्‌महिने ते बाहेरून मिळत राहिलं की मेंदूकडून ग्रंथीला येणारा हुकूम थांबतो आणि ग्रंथी आक्रसते. चेहरा गोल होतो, घरचे म्हणतात ‘अंग धरलंन’. मग पुडी अचानक बंद केली की उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली. ही ताणाने दमलेली ग्रंथी नव्हे, औषधाने निजवलेली आहे. तिला जागं करायला मात्रा हळूहळू उतरवावी लागते, कधी आठवडे, कधी महिने, तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्यासाठी जाताना पुडीचा उरलेला कागद सोबत न्यावा, आणि ती किती दिवस घेतली ते न लपवता सांगावं.