पिन्हास (साप्ताहिक तोरा-पाठ)

ज्यू लोकांच्या सभास्थानांत वर्षभर शब्बाथ-शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतिदिवशी) वाचल्या जाणाऱ्या तोराच्या (मोशेच्या पाच ग्रंथांच्या) ५४ पाठांपैकी (पाराशांपैकी) एकेचाळिसावा पाठ. मराठी बायबलातील ‘गणना’ या ग्रंथाचा २५:१० ते ३०:१ हा भाग त्यात येतो. वचनांचे आकडे जुळवताना थोडी सावधगिरी लागते. हिब्रू प्रतीतील ३०:१ हे वचन मराठी बायबलात २९:४० म्हणून येते. ‘मरीनंतर असे झाले’ एवढे तीनच हिब्रू शब्द २५:१९ असे स्वतंत्र वचन मानले जातात आणि त्यांच्यानंतर लेखनिक वाक्याच्या मध्येच जागा मोकळी सोडतो. भाषांतरांत मात्र ते २६:१ला जोडलेले दिसतात. पाठात एकूण १६८ वचने आहेत. ज्यू पंचांगाप्रमाणे तो बहुधा तम्मूझ महिन्यात, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या सुमारास येतो.

पाठाला नाव मिळाले ते एलाजाराचा मुलगा आणि अहरोनाचा नातू पिन्हास (मराठी बायबलात फिनहास) याच्यावरून. हे नाव मूळचे मिसरी असून त्याचा अर्थ ‘नूबियाचा’ किंवा ‘काळासावळा’ असा असावा, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. शिट्टीम येथे इस्राएल लोक मवाबी व मिद्यानी स्त्रियांच्या नादाने बाल-पौराच्या भजनी लागले. छावणीत मरी पसरली. त्याच वेळी शिमोन वंशाचा सरदार जिम्री हा मिद्यानी सरदाराची मुलगी कजबी हिला सर्वांदेखत तंबूत घेऊन गेला. पिन्हासाने भाला उचलून दोघांना भोसकले आणि मरी थांबली. तोवर २४,००० माणसे दगावली होती. ही हकीकत मात्र या पाठात नाही. ती बालाक या आदल्या पाठाच्या शेवटी (२५:१–९) आहे. पिन्हासाचा पाठ सुरू होतो तो देवाने त्याला दिलेल्या ‘ब्रीत शालोम’पासून, म्हणजे शांतीच्या करारापासून.

कृत्य एका आठवड्याला आणि बक्षीस पुढच्या आठवड्याला, या तोडणीवर दराशा करणाऱ्यांनी (दराशा म्हणजे शब्बाथचे प्रवचन) बरेच बांधकाम केले आहे. आवेशाने केलेल्या हत्येला लगेच शाबासकी देऊ नये, निदान सात दिवस थांबून ती पारखावी, म्हणून पाठ इथे तोडला, असे हे विवेचन. भाविकाला ते पटते आणि बोध म्हणून ते उत्तमच आहे. इतिहास म्हणून मात्र ते जपूनच घ्यावे. २५:९ नंतर गुंडाळीत ओळ मोकळी सोडण्याची (‘पेतुहा’) रीत मसोरा-परंपरेत (हिब्रू संहिता अचूक लिहिण्याच्या परंपरेत) आहेच, तेव्हा पाठ पाडणाऱ्यांना तिथे तयार जोड सापडला असावा. शिवाय सध्याचा एकवर्षीय क्रम बाबेलचा. ‘पश्चिमेकडील लोक’, म्हणजे पॅलेस्टाइनमधले, तोरा तीन वर्षांत संपवत, असे बाबेली तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहातच (मगिल्ला २९ब) म्हटले आहे. तोडणीला एकच ठरवून दिलेला अर्थ असता, तर वाचनाचे दोन क्रम शतकानुशतके शेजारी शेजारी नांदले नसते. बाराव्या शतकात तुदेलाच्या बेंजामिनाला कैरोजवळच्या फुस्तातमध्ये हे दोन्ही क्रम पाळणारी दोन सभास्थाने आढळली.

यापेक्षा जुना आणि अधिक बोलका संकोच खुद्द तालमूदमध्ये आहे. पिन्हास आधी विचारायला आला असता, तर त्याला तसे करण्याची परवानगी मिळाली नसती, असा निर्वाळा बाबेली तालमूदमध्ये (सान्हेद्रिन ८२अ) आहे. नियम असला तरी तो शिकवायचा नाही, अशातला हा प्रकार. यरुशलेमी तालमूद आणखी पुढे जातो: पिन्हासाने हे ज्ञात्यांच्या इच्छेविरुद्ध केले, आणि पवित्र आत्म्याने मध्ये पडून त्याची बाजू घेतली नसती तर त्याला वाळीत टाकण्याचाच त्यांचा विचार होता. याउलट स्तोत्र १०६, बेन सीराचा ग्रंथ (४५:२३–२४) आणि मक्काबींचा पहिला ग्रंथ यांत त्याची निखळ स्तुती आहे. मक्काबींच्या बंडाचा म्होरक्या मत्तथिया वेदीजवळ एका ज्यूचा वध करतो तेव्हा त्याला पिन्हासाचीच उपमा दिली आहे. या दोन सुरांतले अंतर केवळ काळाचे असेल असे वाटत नाही. मक्काबी आणि त्यांच्यानंतरच्या जहालांचे पुढे काय झाले हे पाहिलेल्या लोकांचा सावधपणाही त्यात असावा.

‘तुटका वाव’ ही या पाठातील सर्वांत चर्चिलेली लेखनखूण. २५:१२ मधील ‘शालोम’ शब्दातला वाव हा उभ्या दांडीचा वर्ण अनेक गुंडाळ्यांत अखंड नसतो. वाचणारा ‘याद’ ही चांदीची सूचिका (कातड्याला बोट लावायचे नसते) ओळीवरून सरकवत नेतो, तेव्हा दांडीच्या मध्ये पडलेली केसाएवढी फट जवळून पाहणाऱ्याला दिसते. एरवी असे तुटलेले अक्षर आढळले की ती गुंडाळी वाचनाला अपात्र ठरते आणि दुरुस्तीला जाते. इथे मात्र फट मुद्दाम ठेवतात. ती कशी असावी याबद्दल लेखनिकांत एकमत नाही. कोणी दांडी मध्येच तोडतात, कोणी फक्त आखूड लिहितात, आणि सर्वच हस्तलिखितांत ही खूण आढळत नाही. आधार आहे किद्दुशीन ६६ब मधल्या राव नहमानच्या विधानाचा: हा वाव ‘केतिआ’ म्हणजे छाटलेला आहे. तिथला संदर्भ मात्र निव्वळ कायद्याचा आहे. वाव बाजूला ठेवला की ‘शालोम’चे ‘शालेम’ (अखंड) होते. त्यावरून अंगात व्यंग असलेल्या याजकाची सेवा बाद ठरते, असा निष्कर्ष काढला आहे. ‘रक्त सांडून मिळालेली शांती अशीच भंगलेली असते’ हा आज सर्वत्र ऐकू येणारा बोध तालमूदच्या त्या उताऱ्यात नाही. तो पुढच्या प्रवचनकारांचा. चांगला आहे, म्हणून तो तालमूदच्या नावावर खपवण्याचे कारण नाही.

पिन्हासाची वंशावळ आजोबांपर्यंत का दिली, याचे उत्तर मध्ययुगीन भाष्यकार राशीने (१०४०–११०५) तालमूदमधून घेतले आहे. मूर्तिपूजकाच्या लेकीचा पोर म्हणून लोक त्याला हिणवू लागले, म्हणून त्याचे नाते अहरोनाशी जोडून दाखवले. अहरोन म्हणजे ‘शांतीवर प्रेम करणारा, शांतीच्या मागे लागणारा’ (आवोत १:१२). आजोबांचा स्वभाव आणि नातवाचा भाला शेजारी ठेवणे हा प्रवचनकारांचा आवडता खेळ आहे.

यानंतर दुसरी शिरगणती येते. वीस वर्षांवरचे पुरुष ६,०१,७३०; पहिल्या गणतीत ते ६,०३,५५० होते. एकूण आकडा जवळपास तोच असला तरी शिमोन वंश ५९,३०० वरून २२,२०० वर आला आहे. मरीत मेलेले याच वंशाचे होते, असे राशी सांगतो.

सलाफहादच्या मुलींचे प्रकरण (२७:१–११) हा पाठाचा दुसरा गाभा. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या मनश्शे वंशातल्या पाच बहिणी मोशे, याजक एलाजार आणि सरदार यांच्यासमोर उभ्या राहतात. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे नाव कुळातून का जावे, आम्हाला वतन द्या, एवढीच त्यांची मागणी. मोशेला उत्तर येत नाही. तो खटला देवापुढे नेतो, आणि २७:५ वर तिसऱ्या माणसाचे वाचन संपते. ‘त्यांचा न्याय’ या शब्दातला शेवटचा नून हा वर्ण पुष्कळ प्रतींत मोठा काढलेला असतो. मग आशीर्वचने होतात, चौथ्या माणसाला नावाने हाक मारली जाते, तो बिमावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) येतो, आणि तेवढा वेळ पाच बहिणींचा निकाल सभास्थानात लटकत राहतो. पुढचे वाक्य, ‘सलाफहादच्या मुली बरोबर बोलतात’. मोशेसारख्याला जे सुचले नाही ते या मुलींना कळले, यातून नम्रतेचा बोध घेतात. बावा बत्रा ११९ब मध्ये त्यांना शहाण्या, शास्त्र जाणणाऱ्या आणि सात्त्विक म्हटले आहे. त्यांचा बाप कोण, यावरही वाद आहे. शब्बाथला लाकडे गोळा करून देहदंड भोगणारा तोच, असे रब्बी अकिवाने म्हटले. तोराने झाकून ठेवलेले नाव उघड करतोस, म्हणून रब्बी येहूदा बेन बतेराने त्याला फटकारले (शब्बाथ ९६ब). निकालाला नंतर मुरड पडली, हेही विसरू नये. ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात वतन दुसऱ्या वंशात जाऊ नये म्हणून या बहिणींना आपल्याच वंशात लग्न करण्याची अट घातली आहे. स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या अलीकडच्या प्रवचनांत हा उत्तरार्ध बहुधा गळतो.

यहोशवाच्या नेमणुकीत (२७:१५–२३) देव ‘हात ठेव’ म्हणतो आणि मोशे दोन्ही हात ठेवतो. सांगितल्यापेक्षा भरभरून दिले, असे राशी म्हणतो. उरलेल्या दोन अध्यायांत रोजची, शब्बाथची, नवचंद्राची आणि सणांची अर्पणे येतात. इ.स. ७० मध्ये मंदिर पडल्यावर ही वचने प्रार्थनेत गेली. सणांच्या दिवशी दुसऱ्या गुंडाळीतून वाचायचा मजकूरही इथलाच, त्यामुळे वर्षभरात हा पाठ तुकड्यातुकड्यांनी सर्वांत जास्त वेळा कानावर पडतो. सुक्कोतच्या सात दिवसांत १३ वरून ७ पर्यंत उतरत जाणारे बैल एकूण ७० होतात. ते जगातल्या ७० राष्ट्रांसाठी, असे सुक्का ५५ब मध्ये म्हटले आहे.

हफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथातून जोडून वाचायचा भाग) दोन प्रकारची आहे. हा शब्बाथ १७ तम्मूझच्या (उपासाच्या दिवसाच्या) आधी आला तर १ राजे १८:४६–१९:२१, नंतर आला तर यिर्मया १:१–२:३. दुसरा योगच अधिक वेळा येतो. पहिल्या हफ्तारेत एलीया होरेब डोंगरावर ‘मी फार आवेशी झालो’ म्हणतो, आणि देव वारा, भूकंप, अग्नी यांपैकी कशातही न भेटता मंद, सूक्ष्म स्वरात भेटतो. पिन्हासाच्या आवेशावरचे सर्वांत नेमके भाष्य म्हणजे ही निवडच, असे म्हणायला हरकत नाही.

पिन्हास आणि एलीया एकच, ही समजूत याच धाग्यावर उभी आहे. बायबलात तसे कुठेही म्हटलेले नाही. दोघांसाठी वापरलेला ‘आवेश’ हा एकच हिब्रू धातू आणि पिन्हासाचे लांबलेले आयुष्य (शास्ते २०:२८) हे तिचे आधार असावेत. बहुधा इ.स. पहिल्या शतकातल्या, पण आज लॅटिनमध्येच उरलेल्या, ज्यू तत्त्वज्ञ फायलोच्या नावावर चढवलेल्या एका ग्रंथात पिन्हास डोंगरावर लपून राहतो आणि गरुड त्याला अन्न पुरवतो. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ओरिगेनला ही समजूत ज्यूंची म्हणून ठाऊक होती. साधारण आठव्या शतकातल्या पिर्के दि रब्बी एलिएझर या ग्रंथात ती उघडपणे मांडली आहे. सर्वांना मात्र ती मान्य नव्हती: बेरेशीत रब्बा या उत्पत्तीवरच्या जुन्या भाष्यात एलीया गाद वंशाचा की बन्यामीन वंशाचा, याचीच चर्चा आहे. सुंतेच्या वेळी एलीयासाठी खुर्ची मांडण्याची रीत याच परिसरातली, आणि काही रीतींत मोहेल (सुंता करणारा) त्या वेळी पिन्हासाची वचने म्हणतो.

कोकणातल्या बेने इस्रायलांकडे मुळात साप्ताहिक वाचन नव्हते. नवगावजवळ जहाज फुटले तेव्हा ग्रंथ बुडाले, असे परंपरा सांगते. उरले ते ‘शमा’ हे वचन, सुंता, आहाराचे नियम आणि शनिवारची विश्रांती, जिच्यामुळे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गुंडाळीतून नियमित वाचन रुजले ते कोचीनच्या शिक्षकांमुळे आणि १७९६ मध्ये सामाजी हसाजी (सॅम्युएल इझिकेल) दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला बांधलेल्या सभास्थानापासून. त्याला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत. वाचन हिब्रूत, सेफार्दी वळणाचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. एलीयाचे, म्हणजे एलियाहू हन्नाबीचे, स्थान मात्र या समाजात त्याहून जुने आणि खोल मानले जाते. तो अलिबागजवळच्या खंडाळ्याहून स्वर्गात गेला, अशी श्रद्धा असून खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या म्हणून दाखवतात. तिथला उरूस तू बिश्वातला (झाडांच्या नववर्षाला), म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, भरतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि फळे यांचे ताट भरून ‘मलिदा’ करतात आणि ‘एलियाहू हन्नाबी’ हे हिब्रू गीत म्हणतात.