नदीपाण्यातील प्रतिजैविकरोधी जीवाणू

एक किंवा अनेक अँटिबायोटिक औषधांना दाद न देणारे, नदीच्या पाण्यात व गाळात सापडणारे जीवाणू. ते मुख्यतः शहरांच्या मैलापाण्यातून, तसेच रुग्णालये, कुक्कुटपालन व गोठे यांच्या सांडपाण्यातून नदीत येतात. औषध कारखान्यांचे सांडपाणी त्यांना आणखी हातभार लावते. प्रतिकाराची जनुके बहुधा प्लाझ्मिड या छोट्या डीएनए-वलयांवर असतात आणि एका जातीचा जीवाणू ती दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. त्यामुळे मूळ जीवाणू पाण्यात मेला, तरी त्याआधी त्याने दिलेले जनुक मागे उरू शकते.

हैदराबादजवळचे पाटणचेरू हे याचे जगभर दिले जाणारे उदाहरण. तेथील सामायिक प्रक्रिया केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी येत असे. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडिश संशोधकांना लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळले (२००७). हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही त्याचे प्रमाण इतके नसते. अशा पाण्यात प्रतिकारक्षम जीवाणूच तगतात. तेथील ओढे मांजरा नदीला मिळतात. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणाऱ्या या नदीचा बीड-लातूरमधील प्रवाह पाटणचेरूच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे हे सांडपाणी तेथे पोचत नाही.

कारखान्यांची चर्चा अधिक होते. बहुतेक नद्यांत मात्र खरा भार मैल्याचा असतो. ऋषिकेश-हरिद्वार येथे गंगेच्या पाण्यात एनडीएम-१ हे जनुक मे-जूनच्या यात्राकाळात इतर काळाच्या सुमारे ६० पट आढळल्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यात्रेकरूंच्या गर्दीपुढे मैलापाण्याची व्यवस्था तोकडी पडते. हे जनुक ज्या जीवाणूत असते, त्याच्यावर कार्बापेनेम गटातील, इतर औषधे चालेनाशी झाल्यावर वापरायची राखीव औषधेही सहसा चालत नाहीत. दिल्लीत तर ते नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत मिळाले होते (२०११).

असे पाणी पोटात गेले म्हणजे लगेच आजार होतो, असे नाही. जीवाणू आतड्यात निमूटपणे वस्ती करतात आणि पुढे मूत्रमार्गाचा संसर्ग झाला किंवा शस्त्रक्रियेनंतरची जखम चिघळली, की नेहमीची औषधे निकामी ठरतात. रुग्णाचा संसर्ग नदीतूनच आला, हे सिद्ध करणे म्हणूनच अवघड असते. पाणी उकळल्यास हे जीवाणूही मरतात. त्यांचा प्रतिकार औषधाला असतो, उष्णतेला नव्हे. पण नदीत आंघोळ करणारा किंवा त्या पाण्यावरची भाजी कच्ची खाणारा पाणी उकळणार कुठून?

आंघोळीच्या पाण्यासाठी विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणूंची कमाल मर्यादा १०० मिलिलिटरमागे २,५०० आहे. त्यांपैकी किती औषधरोधी आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळण्यात आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने या सांडपाण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२४ मध्ये जाहीर केली.