सिगारची निवड आणि तंबाखूचे मूळ : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सिगार मागताना बहुतेक ग्राहक देशाचे नाव घेतात. कोणाला क्युबाचाच हवा असतो, कोणाला डोमिनिकन सौम्य म्हणून पसंत असतो, तर निकाराग्वाचा फार कडक असतो असे ऐकून काही जण तो हातातही घेत नाहीत. या समजुती अगदीच निराधार नाहीत. परंतु केवळ त्यांच्या भरवशावर केलेली खरेदी बऱ्याचदा फसते, कारण पेटीवर छापलेला देश हा सिगार जेथे वळला गेला तो देश असतो आणि आतली पाने तेथेच पिकली असतील असे नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकात वळलेल्या सिगारचे बाहेरचे पान इक्वेडोरचे, त्याखालचे इंडोनेशियाचे आणि आतला भराव निकाराग्वाचा असणे ही या व्यवसायातील नित्याची गोष्ट आहे. म्हणून देशांची ओळख करून देण्याआधी पान सिगारमध्ये कोणत्या जागी बसले आहे आणि ते झाडाच्या कोणत्या भागातून आले आहे, हे सांगणे आम्हाला अधिक गरजेचे वाटते.

त्याही आधी एक खुलासा आवश्यक आहे. हे पत्रक सज्ञान ग्राहकांसाठीच आहे. सिगारचा धूर छातीत ओढायचा नसतो, तेव्हा तो निरुपद्रवी असला पाहिजे, हा समज चुकीचा आहे. हा धूर अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात जाते, आणि तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुसे यांच्या कर्करोगाचा धोका सिगारमुळेही वाढतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. या पत्रकात ‘सौम्य’ हा शब्द जेथे येईल तेथे तो फक्त चवीपुरता आहे. कमी अपायकारक अशा अर्थाने तो कोठेही वापरलेला नाही.

पानाची जागा

हाताने वळलेल्या सिगारमध्ये आत भरावाची पाने असतात, ती एकत्र धरून ठेवणारे बांधणीचे पान म्हणजे बाइंडर असते आणि सर्वांत बाहेर दिसायला सुबक असे वेष्टनाचे पान, म्हणजे रॅपर असते. वजनाने रॅपर अगदी थोडा असतो, पण तो थेट ओठांना लागतो आणि त्याचा गंध पहिल्या झुरक्यापासून जाणवतो, त्यामुळे चवीतील त्याचा वाटा वजनाच्या मानाने पुष्कळच मोठा असतो. सिगार जितका बारीक, तितका हा वाटा वाढतो. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. म्हणजे ५० क्रमांकाचा सिगार २० मिलिमीटरच्या किंचित आत भरतो आणि ३८ क्रमांकाचा साधारण १५ मिलिमीटरचा असतो. एखाद्या रॅपरची चव नीट ओळखायची असेल तर बारीक सिगार घ्यावा, आणि भरावातील पानांचे मिश्रण अनुभवायचे असेल तर जाड.

कडकपणा मात्र मुख्यतः भरावातून येतो. तंबाखूच्या झाडाच्या खालच्या भागातील पानांना वोलादो म्हणतात. ती पातळ असतात, चव बेताची असते, पण चांगली जळतात. मधल्या भागातील सेको पाने गंधासाठी घेतली जातात. शेंड्याकडच्या लिगेरो पानांना सर्वाधिक ऊन मिळते, त्यामुळे ती जाड आणि तेलकट होतात, त्यांच्यात निकोटीन जास्त असते आणि ती सावकाश जळतात. सिगार वळणारा कारागीर लिगेरो नेहमी मधोमध ठेवतो, कारण ते कडेला आले तर सिगार एका बाजूने जळत जातो. यावरून एक गोष्ट लक्षात यावी : एकाच शेतातील एकाच झाडापासून सौम्य आणि कडक असे दोन्ही सिगार होऊ शकतात. ‘अमुक देशाचा म्हणजे कडक’ हे विधान म्हणूनच अर्धेच खरे असते.

रंगाबाबतचा गैरसमज तर याहून पक्का आहे. काळपट रॅपरचा सिगार जोरदार आणि फिकट रॅपरचा मवाळ, असे धरून चालणारे ग्राहक आम्हाला रोज भेटतात. माडुरो म्हणून ओळखला जाणारा गडद रॅपर जाड पानापासून आणि दीर्घकाळ आंबवून केलेला असतो. त्या प्रक्रियेत पानाचा उग्रपणा कमी होऊन गोडसर, कोको किंवा कॉफीकडे झुकणारी चव येते. गडद रॅपरच्या आत सौम्य भराव असलेले सिगार भरपूर आहेत, आणि फिकट रॅपरखाली लिगेरो ठासून भरलेलेही आहेत.

आंबवण्याविषयी थोडे अधिक सांगणे योग्य होईल. वाळवलेली पाने ओलसर करून त्यांच्या मोठ्या थप्प्या रचतात. थप्पीच्या आतील उष्णता आपोआप वाढत जाते, आणि ती मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून थप्पी मोडून आतली पाने बाहेर व बाहेरची आत करून पुन्हा रचतात. या काळात पानांतून अमोनिया बाहेर पडतो. ही प्रक्रिया घाईघाईने उरकली गेली असेल तर सिगार ओढताना नाकात झोंबणारा अमोनियाचा वास येतो आणि जिभेला चरचर जाणवते. पुष्कळ ग्राहक या चरचरीलाच कडकपणा समजतात आणि दोष देशाला देतात. वास्तविक ते पान नीट मुरलेले नसते, इतकेच.

कोणत्या मातीतील पान कसे

क्युबातील सर्वांत नावाजलेली तंबाखू पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता अबाहो या भागात होते आणि तेथेही सान लुइस व सान हुआन इ मार्तीनेस या परिसरांना विशेष मान आहे. रॅपरची पाने कापडाच्या आच्छादनाखाली वाढवतात, म्हणजे ती पातळ व मऊ राहतात. भरावाची तंबाखू उघड्या उन्हात घेतात. हबानोस या नावाखाली निर्यात होणाऱ्या सिगारमध्ये सर्व पाने क्युबाचीच असतात, त्यामुळे एका देशाच्या मातीची चव शुद्ध स्वरूपात अनुभवायची असेल तर हे उदाहरण सोयीचे आहे. ओली माती, देवदारासारखे सुगंधी लाकूड, कमावलेले चामडे आणि मधूनच मधासारखा गोडवा, असे तिचे वर्णन जाणकार करतात. तरीही ‘क्युबाचा म्हणजे सर्वांत कडक’ हे खरे नाही. क्युबाचे कित्येक सिगार निकाराग्वाच्या मानाने मवाळ आहेत.

क्युबाची चव पूर्वीसारखी राहिली नाही, अशी तक्रार जुने शौकीन करतात. तिच्यामागे केवळ गतकाळाची ओढ आहे असे आम्ही मानत नाही. १९७९ आणि १९८०च्या सुमारास निळ्या बुरशीच्या रोगाने तेथील पिकाचा मोठा भाग बुडाला. रॅपरसाठी नावाजलेला जुना कोरोहो हा वाण अशा रोगांना सहज बळी पडत असे, आणि पुढे त्याच्या जागी हबाना २०००, क्रिओयो ९८, कोरोहो ९९ असे अधिक टिकाऊ वाण आले. वाण बदलल्यावर चवीत फरक पडणे स्वाभाविकच आहे.

क्युबाविषयी आणखी एक बाब खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९६०मध्ये तेथील सिगार उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, १९६२मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी लादली, आणि देश सोडून गेलेल्या उत्पादकांनी आपली जुनी नावे इतरत्र चालू ठेवली. त्यामुळे मॉन्टेक्रिस्तो, रोमिओ इ हुलिएता, पार्तागास, पंच यांसारखी नावे आज दोन वेगवेगळ्या सिगारवर आढळतात : एक क्युबाचा आणि दुसरा डोमिनिकन प्रजासत्ताक किंवा होंडुरास येथे तयार झालेला. नाव एकच असले तरी पाने, मिश्रण आणि कारखाना यांपैकी काहीही समान नसते. सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवरील नाव वाचून थांबू नये, पेटीच्या तळाशी उत्पादनाचा देश पाहावा. काचेच्या झाकणाची पेटी दाखवून कोणी क्युबाचा सिगार देऊ करत असेल तर ती बनावट समजून खुशाल नाकारावी.

निकाराग्वाला एकच चव चिकटवणे हा आमच्या मते सर्वांत मोठा अन्याय आहे, कारण त्या लहानशा देशात परस्परांपासून अगदी वेगळी अशी तंबाखूची खोरी आहेत. एस्तेलीची काळी, जड, ज्वालामुखीजन्य माती दाट आणि जोरदार पान देते. जिभेवर मिरीसारखा तिखटपणा येतो तो बहुधा याच भागामुळे, आणि निकाराग्वाची ‘कडक’ ही ख्यातीही मुख्यतः याच्यामुळे झाली आहे. उत्तरेला होंडुरासच्या सीमेजवळ हालापा येथे लालसर मातीत येणारे पान गोडसर व गुळगुळीत असते आणि त्यापासून उत्तम रॅपर होतो. या दोहोंच्या मधल्या कोंदेगाची जमीन खडकाळ आहे व तिचे पान मध्यम धाटणीचे असते. निकाराग्वा सरोवरातील ओमेतेपे बेटावर दोन ज्वालामुखींच्या पायथ्याशी तंबाखू पिकते. तिच्यात खनिजासारखी, मातकट झाक असते. ‘निकाराग्वाचा नको’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही हालापाचे पान जास्त असलेला सिगार सुचवतो, आणि मत बदलल्याचा अनुभव अनेकदा येतो.

डोमिनिकन प्रजासत्ताकात सान्तियागो शहराभोवतीच्या सिबाओ खोऱ्यात तंबाखू होते. तेथील ओलोर दोमिनिकानो हा वाण सुवासिक आणि हलका आहे. बदामाची आठवण करून देणारी, किंचित कोरडी चव त्याच्यामुळे येते. क्युबाच्या बियाण्यापासून तेथे रुजलेला पिलोतो कुबानो हा मात्र त्याहून बराच दमदार आहे. डोमिनिकन सिगार सौम्य असतात हे मत ज्या काळी पडले त्या काळी ते खरे होते. आज मिश्रणात पिलोतोचे लिगेरो किती आहे, यावर सारे अवलंबून असते. होंडुरासमध्ये दानली शहरालगतच्या हामास्त्रान खोऱ्यातील पान मातकट आणि भरदार असते.

काही प्रदेश मुख्यतः रॅपरसाठीच ओळखले जातात. इक्वेडोरमध्ये अँडीज पर्वताच्या पायथ्याशी ढगांचे छत वर्षातील बराच काळ टिकून असते. त्यामुळे कापड न ताणताही सावली मिळते आणि पातळ, बारीक शिरांची, एकसारख्या रंगाची पाने येतात. तेथे कनेक्टिकट, हबानो आणि सुमात्रा अशा बियाण्यांची लागवड होते. येथेच ग्राहकांचा घोटाळा होतो : ‘इक्वेडोर कनेक्टिकट’ याचा अर्थ इक्वेडोरच्या मातीत आलेले कनेक्टिकटचे बियाणे, अमेरिकेतील कनेक्टिकटचे पान नव्हे. खुद्द कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात दोन अगदी विरुद्ध पाने पिकतात. १९००पासून कापडी मांडवाखाली घेतले जाणारे शेड पान फिकट सोनेरी आणि सायीसारखे मऊ लागते, तर उघड्या उन्हात वाढलेले ब्रॉडलीफ जाड, तेलकट आणि माडुरोसाठी हुकमी असते.

कॅमेरूनचा रॅपर हाताला किंचित खरखरीत लागतो. पानावरील बारीक कण राखेतही ठिपक्यांसारखे दिसतात. त्याची चव गोडसर व मसालेदार आहे, पण पान नाजूक असल्याने ते लवकर तडकते. इंडोनेशियात सुमात्रा आणि पूर्व जावाचा बेसुकी भाग रॅपर व बाइंडर दोन्ही पुरवतात. युरोपात लोकप्रिय असलेल्या, कोरड्या राहणाऱ्या छोट्या सिगारना हीच पाने लागतात. मेक्सिकोतील वेराक्रूस राज्याच्या सान आन्द्रेस खोऱ्यातील पान दीर्घ आंबवण सहन करते, म्हणून माडुरोसाठी त्याला मोठी मागणी आहे. त्यात कडू कोको आणि काळ्या मातीचा भास होतो. ब्राझीलच्या बाहिया राज्यातील माता फिना ही तंबाखू त्याहून गोड असते.

तुलना करताना

दोन देशांची तुलना करायची असेल तर ज्यातील सर्व पाने एकाच देशाची आहेत असे सिगार घ्यावेत. त्यांना पुरो म्हणतात. दोन्हींची लांबी-जाडी सारखी असावी, अन्यथा फरक मातीचा की आकाराचा हे कळणार नाही. ते लागोपाठ ओढू नयेत, वेगवेगळ्या दिवशी ओढावेत, कारण पहिल्याच्या निकोटीनने जीभ आणि डोके दोन्ही बधिर झालेले असते. उपाशीपोटी सिगार ओढल्यास घेरी आणि मळमळ होण्याचा संभव असतो. दोन झुरक्यांमध्ये साधारण एक मिनिट जाऊ द्यावे. घाईने ओढल्यास सिगार तापतो आणि कोणतेही पान कडूच लागते.

नोंद करताना कडकपणा आणि चव यांची गल्लत करू नये. कडकपणा डोक्याला व पोटाला जाणवतो, चव जिभेला आणि नाकाला. एखादा सिगार चवीने भरगच्च असूनही डोक्याला हलका असू शकतो. तसेच पहिल्या भागावरून मत बनवू नये, कारण सिगार जळत जाईल तशी उष्णता आणि धुरातील द्रव्ये पुढच्या पानांत साठतात व शेवटचा भाग नेहमीच अधिक उग्र होतो. तो संपवलाच पाहिजे असे काही नाही.

साठवणीचा परिणामही मूळ देशाइतकाच मोठा असतो. ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान सिगारला मानवते. त्याहून ओला सिगार विझत राहतो आणि कडवट होतो, कोरडा सिगार भराभर जळून घशाला टोचतो. उष्ण हवेत तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे दिसू लागतात. असा सिगार इतरांपासून ताबडतोब वेगळा करावा.

पुढील खरेदीच्या वेळी आपण केवळ देशाचे नाव न सांगता, यापूर्वी आवडलेल्या सिगारची पट्टी किंवा तिचे छायाचित्र आणावे आणि त्यातले काय आवडले व काय खटकले ते सांगावे. त्यावरून रॅपर, बाइंडर आणि भराव कोठचा हे आम्ही पाहून देऊ. काही उत्पादक मिश्रणातील पानांचे मूळ जाहीर करत नाहीत. अशा सिगारबाबत आम्ही तसे स्पष्ट सांगतो, अंदाजाने कोणत्याही देशाचे नाव जोडत नाही.