मनोविकारतज्ज्ञांचा बर्नआउट (बेळगाव सीमाभाग)

कामाच्या सततच्या ताणाने येणारी मनाची दमछाक. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांविषयी लिहिताना हा शब्द वापरला; पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये मोजपट्टी दिली. भावनिक थकवा, रुग्णाविषयी येणारा कोरडेपणा आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही भावना, या तिच्या तीन खुणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे. हा भेद मोलाचा आहे. आजार म्हटला की डॉक्टरलाच औषध द्यायचे. अवस्था म्हटली की कामाची घडी बदलावी लागते.

बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४७.८ लाख होती, आणि भारतात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नाही. कर्नाटकाच्या ‘मनोचैतन्य’ योजनेत तज्ज्ञ मंगळवारी तालुका रुग्णालयात जातात. अवघड रुग्णासाठी धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहे.

सीमाभागात यात भाषेचे ओझे मिसळते. खानापूर-निपाणीकडचा माणूस ‘जीव घाबरा होतोय’, ‘झोपच लागंना’ असे मराठीत सांगतो, केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो, सरकारी कागद कन्नडमध्ये. डॉक्टरला मराठी येत नसेल तर सोबतचा भाऊ किंवा सासू दुभाषी होते. मग जी गोष्ट सासूविषयीच आहे, ती सून बोलतच नाही. काहीतरी राहून गेले हे डॉक्टरला कळते, पण दाराबाहेर रांग असते. हे रोजचे राहून जाणेच माणसाला आतून पोखरते, नुसती रुग्णसंख्या नव्हे.

सर्वांत खोल जखम रुग्णाच्या आत्महत्येची. घरचे सुतकात असतात. डॉक्टरला मात्र शोक करायला जागा नसते. आपण शेवटच्या भेटीत काय विचारले, काय विचारायचे राहिले, हे तो पुन्हा पुन्हा आठवत बसतो. काहींची झोप जाते, काही नव्या रुग्णापासून मनाने लांब राहू लागतात.

मदत मागणेही सोपे नाही, कारण लहान शहरात दुसरा तज्ज्ञ बहुधा ओळखीचाच निघतो. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारी सेवा (१४४१६) डॉक्टरलाही खुली आहे. तिथे समोरासमोर यावे लागत नाही. पण रुग्ण दगावल्यावर सहकाऱ्यांनी दोष न शोधता एकत्र बसणे आणि ओपीडीत मराठी-कन्नड जाणणारा प्रशिक्षित दुभाषी असणे, या दोन गोष्टी रुग्णालयानेच करायच्या आहेत.