अकरा वाजताची भूक म्हणजे शुगर लो झाली असं नाही

नाश्ता होऊन दोन-तीन तास झाले नाहीत तोच पोटात कावळे ओरडायला लागले की घरोघरी एकच वाक्य, "शुगर लो झाली वाटतं". बहुतेक वेळा झालेली नसते. भूक मात्र खरी असते, आणि तिचा रक्तातल्या ग्लुकोजशी संबंधही असतो.

होतं काय, की खाल्ल्यावर ग्लुकोज चढतं, इन्शुलिन सुटतं, आणि काही जणांचं ग्लुकोज नंतर नाश्त्याआधी होतं त्याच्याही थोडं खाली जातं. हा डिप. आजार नाही, आकडा साधारण नॉर्मलमध्येच असतो. किंग्ज कॉलेज लंडनच्या टीमने 2021 मध्ये 1070 लोकांचा अभ्यास छापला, त्यात साखर किती चढली यापेक्षा 2-3 तासांनी किती उतरली यावरून पुढची भूक जास्त चांगली कळत होती. मोठा डिप येणारे पुढचं खाणं सरासरी अर्धा तास आधी घेत होते आणि दिवसभरात 300 च्या वर कॅलरी जास्त खात होते. गंमत म्हणजे नाश्ता तोच दिला तरी डिप प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे सतत भूक लागणाऱ्याला खादाड म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

खरी लो शुगर म्हणजे 70 mg/dL च्या खाली, आणि ती मुख्यतः इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी डायबेटिसची गोळी घेणाऱ्यांना होते. तिथेही भूक लागते पण सोबत घाम, थरथर, धडधड, आणि 54 च्या खाली गेलं की बोलणं असंबद्ध व्हायला लागतं. अशा वेळी बिस्किटं चघळत बसायचं नाही, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, 15 मिनिटांनी परत मोजायचं, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल.

आणि डायबेटिसवाल्यांनी नुसत्या भुकेवरून अंदाज बांधूच नये, कारण शुगर 300 असली तरी इन्शुलिन कमी पडल्यामुळे पेशी उपाशीच राहतात आणि सपाटून भूक लागते, त्यात लो समजून साखर खाल्ली तर अजून वाढणार. उलट वयस्कर माणसांना खऱ्या लोमध्ये कधीकधी भूक लागतच नाही, बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधडही दबते, घाम मात्र येतो.